पाणी कुठवर येतं?

"आई, तुम्हा दोघांसाठी एका पबमध्ये खोली घेतलीय. दोन रात्री. नदीच्या अगदी काठावर आहे," मुलगा म्हणाला तेव्हा मी आधी ह्यांच्या गळ्याकडे बघितलं. ह्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. एकादशी न चुकता, आषाढीला जमेल तसं पंढरपूर, आणि लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून लेकाकडून बक्षीस काय, तर दारूच्या दुकानाच्या माडीवर मुक्काम! सांगलीला आईला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, हॉटेलं बंद पडली का तिकडची?"

माझीही मजल 'परमिट रूम' या शब्दापलीकडे गेलेली नव्हती. बँकेत असताना एकदा थकलेल्या कर्जासाठी अशाच एका मालकाकडे जावं लागलं होतं, तेही साहेब बरोबर होते म्हणून. काळ्या काचा, दिवसाढवळ्या अंधार आणि फिनेलचा वास, एवढंच आठवतं. मुलगा हसला. "आई, पब म्हणजे पब्लिक हाऊस. लोकांचं घर. जाऊन तर बघा."

इंग्लंडमधल्या स्विंडनहून गाडीनं अर्ध्या तासावर लेचलेड नावाचं गाव आहे. लंडनमध्ये जी थेम्स पुलांखालून रुबाबात वाहते, तीच इथं एवढीशी असते. पलीकडच्या काठावरच्या माणसाला हाक मारली तर तो ओ देईल. इंजिनाच्या होड्या जेमतेम इथवर येतात, त्याच्या वर नदी ओढ्यासारखी होत जाते. एकेकाळी या भागातून दगड आणि चीज होड्यांत भरून लंडनला जायचं. गावातल्या पुलाचं नाव 'हाफपेनी ब्रिज', कारण 1792 मध्ये बांधला तेव्हा ओलांडायला अर्धी पेनी टोल होता. टोलनाक्याची चिमुकली खोली अजून तिथंच आहे. टोल गेला, नाव राहिलं. (आपल्याकडे नेमकं उलटं होतं.)

आमचा पब गावापासून नदीकाठानं चालत जाता येईल इतक्या अंतरावर. नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी तक्रार करायची आहे. पिवळसर दगडाची बुटकी इमारत, छपरालाही दगडाच्याच चकत्या, पुढे हिरवळ, हिरवळीवर बाकडी आणि शेवटच्या बाकड्याला लागून नदी. मधे कठडा नाही, कुंपण नाही, 'खोल पाणी, सावधान' अशी पाटीसुद्धा नाही. लहान पोरं तिथं बदकांना पाव घालत होती आणि त्यांचे आईबाप पाठ करून बसले होते. माझ्या पोटात गोळा आला.

आत गेलो, खिडकीजवळचं टेबल धरलं आणि बसलो. बसूनच राहिलो. वीस मिनिटं झाली तरी कोणी फिरकेना. ह्यांनी दोनदा हात वर केला, एकदा अगदी हळू 'शुक शुक'सुद्धा करून पाहिलं. शेवटी शेजारच्या टेबलाखालून एक लांब कानांचं कुत्रं उठलं, आमच्यापाशी आलं आणि ह्यांच्या बुटावर हनुवटी टेकून बसलं. त्याच्या मालकिणीला दया आली असावी. ती म्हणाली, काउंटरवर जाऊन सांगावं लागतं, टेबलाचा नंबर द्यायचा, पैसे तिथंच भरायचे. काउंटरवर रांग दिसत नाही, पण असते. आठ माणसं अस्ताव्यस्त उभी असतात आणि कोणाच्या आधी कोण आलं, ते पलीकडच्या मुलीला बरोबर ठाऊक असतं. कोणी तिची नजर चुकवून मधे घुसलं, तर ते उरलेल्या सातांनाही कळतं. कोणी बोलत मात्र नाही. बँकेच्या काउंटरमागे इतकी वर्षं काढूनही असली बिनआवाजाची रांग मी कधी पाहिली नव्हती.

ह्यांनी लिंबू-सोडा घेतला. मी एल्डरफ्लॉवरचं सरबत घेतलं. जून महिना होता. वाटेत कुंपणाकुंपणावर त्याच पांढऱ्या फुलांचे तुरे लगडलेले दिसले होते. रात्रीचे नऊ वाजून गेले तरी ऊन बाकड्यांवरून हटेना. जेवणात ह्यांच्यासाठी पाव, चीज, व्हिनेगरमधला कांदा आणि सफरचंदाची फोड असलेली थाळी सांगितली. तिचं नाव 'प्लाउमन्स लंच', नांगऱ्याचं जेवण. मला वाटलं, शेकडो वर्षांची परंपरा. मुलानं नंतर सांगितलं, चीज खपावं म्हणून गेल्या शतकात जाहिरात करून रुजवलेलं नाव आहे ते. शेतकरी पाव-चीज-कांदा खायचा ते खरं, पण आमचे पंढरीनाथ नांगराच्या शेतात वाढलेले असल्यामुळे त्यांना नावाचं काही नव्हतं. ते म्हणाले, "भाकरी-कांदाच की हा. झुणका तेवढा राहिला."

चिप्सच्या बाबतीत मात्र सावध केलेलं बरं. बटाटे शाकाहारी, पण कढई माशांचीच. विचारलं तर खरं सांगतात. आम्ही विचारलं.

आता तक्रार. खोली बारच्या बरोबर वर. जमीन इतकी उतरती की बॅग भिंतीकडे ठेवली ती आपोआप पलंगापाशी आली. तुळई इतकी खाली की ह्यांनी दोन दिवसांत तिला तीनदा नमस्कार घातला. नळ दोन, एकातून कढत पाणी, दुसऱ्यातून बर्फ, आणि माणसानं मधल्या मधे काय करायचं ते इंग्रजांनी अजून ठरवलेलं नाही. प्लास्टिकचा मग नव्हता, बाटलीवर भागवलं. पण पडदे सुंदर होते. विलो झाडाच्या लांबट पानांची नक्षी, पानावर पान, फांदीवर फांदी. ही नक्षी विल्यम मॉरिस या इंग्रज नक्षीकाराची, 1887 मधली. जवळच्याच केल्म्स्कॉट गावात 1871 पासून त्याचं उन्हाळ्यातलं घर होतं. नदीच्या उपनद्यांची नावं त्यानं आपल्या कापडांना दिली: विंडरश, इव्हनलोड, केनेट. मी पडदा सरकवला तर खिडकीबाहेर तेच झाड, तीच पानं, पाण्यावर वाकलेली. पडदा ओढला काय आणि सारला काय.

आणि त्या झाडाखाली नदी. मला झोप लागली नाही.

आमचं घर सांगलीच्या गावभागात. नदीकाठच्या माणसाला म्हणे नदीच्या आवाजानं झोप येते. असं म्हणणाऱ्यानं आमच्याकडे ऑगस्टमध्ये यावं. 2005 ला पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबलं होतं. 2019 ला आयर्विन पुलापाशी पातळी 57 फुटांच्या वर गेली आणि आमच्या खालच्या खोल्यांत माणूस बुडेल इतकं पाणी होतं. कपाटं, सासूबाईंचं शिवणयंत्र, मुलाच्या शाळेच्या वह्या, सगळं गेलं. तेव्हापासून नदीच्या आवाजाला माझे कान जागेच असतात. खरं तर पूर आवाज करत येतच नाही. आवाज बंद होतो, तेव्हा समजायचं.

त्या रात्री खाली शेवटची माणसं गेली, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवल्याचे आवाज झाले आणि मग पाण्याचा हलका डुबुक-डुबुक तेवढा राहिला. अडीच वाजता मी उठून खिडकीशी गेले. कोपऱ्यातल्या बाकड्याचा पाय आणि पाणी यांच्यात वीतभर अंतर. हे घोरत होते. मी मनात हिशेब केला: नदीपासून दारापर्यंत तीन पायऱ्या, दारापासून जिना, जिन्याच्या चौदा पायऱ्या. आपण वर आहोत. बॅगाही वर आहेत. मग जरा डोळा लागला.

सकाळी नाश्त्याला पबवाल्या बाई स्वतः आल्या. साठीच्या असतील, कंबरेला फडकं, केस आखूड कापलेले. झोप चांगली लागली का, असं त्यांनी विचारलं. इथली रीत म्हणजे 'हो, थँक यू' म्हणायचं आणि टोस्टला लोणी लावायचं. माझ्या तोंडून निघून गेलं, "इथं पाणी कुठवर येतं हो?"

बाईंनी हातातली किटली खाली ठेवली.

"या," म्हणाल्या.

बारच्या मागच्या दाराच्या चौकटीवर, माझ्या गुडघ्याच्या थोडं वर, चाकूनं कोरलेली एक आडवी रेघ होती. जुलै 2007. एका दिवसाच्या पावसानं ऐन उन्हाळ्यात नदी आत आली होती. बाई तेव्हा इथं नव्हत्या, रेघ आधीच्या चालकांनी कोरलेली. पण त्यानंतर हिवाळ्यातली पाणी त्यांनी स्वतः पाहिली होती. मग त्यांनी मला सगळं फिरवून दाखवलं. विजेचे सॉकेट भिंतीवर छातीच्या उंचीला. खाली फरशी दगडी, गालिचा नाही, पाणी ओसरलं की होजपाइपनं धुवायचं आणि दारं उघडी टाकायची. फ्रीज विटांवर. जुनी छायाचित्रं सगळी वरच्या अंगाला. तळघर नाही. बाकीच्या पबांत बीअरची पिंपं तळघरात असतात, इथं मागे एक थंड खोली केलीय.

"आणि पाणी दारातून नाही येत आधी," बाई म्हणाल्या. "लोक दारात वाळूची पोती रचतात."

"मोरीतून येतं," मी म्हटलं. 'मोरी'ला इंग्रजी शब्द सुचेना. मी हातानं जाळी दाखवली, खालून बुडबुडे येतात ते दाखवलं.

"संडासातून!" बाई जवळजवळ ओरडल्याच. "बरोबर! आधी संडास गुडगुडतो!"

आम्ही दोघी त्या दाराशी उभ्या राहून इतक्या हसलो की ह्यांनी आतून येऊन काय झालं म्हणून विचारलं. काय सांगणार?

त्यानंतर त्या बाई आमच्याशी पाहुण्यांसारख्या वागल्याच नाहीत. थंड खोलीत नेलं. बारा अंशांच्या आसपास गारवा, ओल्या लाकडाचा आणि आंबलेल्या पिठासारखा वास. आडवी पिंपं. ही बीअर इथं येते तेव्हा तिच्यातलं यीस्ट जिवंत असतं. पिंपाच्या पोटावरच्या भोकात मऊ लाकडाची खुंटी ठोकायची, तिच्यातून वायू हळूहळू निघून जातो. फेस यायचा थांबला की कडक खुंटी, मग गाळ बसू द्यायचा. पिंप हलवायचं नाही. उघडलं की तीनेक दिवसांत संपवायचं, नाहीतर आंबट. बाई एका पिंपाला कान लावून ऐकत होत्या. मला एकदम माझ्या सासूबाई आठवल्या. रात्री विरजण लावून पातेल्याभोवती जुनी साडी गुंडाळायच्या आणि 'आता कोणी हात लावायचा नाही' म्हणायच्या. ती वस्तू वेगळी, ही वेगळी, पण जिवंत गोष्टीला निवांत पडू द्यायचं कसब तेच.

बीअर स्वच्छ दिसावी म्हणून पारंपरिक पद्धतीत तिच्यात आयसिंग्लास घालतात. म्हणजे माशाच्या पोटातली हवेची पिशवी वाळवून केलेला पदार्थ. गाळ त्याला चिकटून तळाशी जातो. आता कित्येकजण ते घालत नाहीत, पण बाईंनी माळ बघून आपणहून सांगितलं. ह्यांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे बीअरसुद्धा मांसाहारी?" पालघरकडे घोळ माशाच्या त्याच पिशवीला सोन्याचा भाव येतो ते मला आठवलं, पण एवढं इंग्रजी सकाळी दहाला जमेना.

बीअर ओढायच्या पंपाच्या एका मुठीवर 'आयपीए' लिहिलेलं होतं. त्यातला 'आय' म्हणजे आपण: इंडिया पेल एल. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनच्या बो भागातला हॉजसन नावाचा बीअरवाला ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई-कलकत्त्याच्या साहेबांसाठी फिकी बीअर पाठवायचा. पुढे बर्टन गावच्या बीअरवाल्यांनी तो धंदा मिळवला. हे म्हणाले, "आपल्या नावावर विकतात आणि आपल्याला माशाचं सांगतात."

पब बाईंच्या मालकीचा नाही. इमारत बीअर बनवणाऱ्या कंपनीची, बाई कूळ. भाडं द्यायचंच, शिवाय बीअरही त्यांच्याकडूनच, त्यांच्या दरानं घ्यायची. बाहेर स्वस्त मिळाली तरी चालत नाही. इथं अशी कुळं पुष्कळ आहेत. "नदी माझी, बीअर त्यांची," बाई म्हणाल्या, आणि हे वाक्य त्या बऱ्याच जणांना ऐकवत असणार असं मला वाटलं, पण चांगलं होतं.

दुपारी आम्ही काठानं सेंट जॉन्स लॉककडे गेलो. नदीला उतार आहे तिथं दोन दारांच्या मधे होडी घ्यायची, पाणी भरायचं किंवा सोडायचं, मग पुढचं दार उघडायचं, असलं हे लॉक. असे 44 आहेत, खाली लंडनजवळच्या टेडिंग्टनपर्यंत. हे सर्वांत वरचं, 1790 चं. दार उघडायला लाकडी तुळईला पाठ लावून ढकलावं लागतं. एका होडीवाल्या आजीनं ह्यांना हातभार लावायला सांगितलं आणि निवृत्त इरिगेशनवाला माणूस अर्धा तास तिथून हलला नाही. कुरणात मधेच काँक्रीटची बसकी खोली, भिंतीत बंदुकीपुरत्या फटी. 1940 मध्ये जर्मन आले तर या नदीवर अडवायचे म्हणून बांधलेली. आत आता मेंढ्या सावलीला बसतात.

लॉकपाशी एक पुतळा आहे. दाढीवाला म्हातारा, खांद्याला फावडं, शेजारी मालाची पिंपं. 'ओल्ड फादर थेम्स'. मूळचा लंडनच्या क्रिस्टल पॅलेससाठी घडवलेला. काही काळ नदीच्या उगमापाशी होता, पण तिथं त्याची नासधूस होऊ लागली म्हणून 1974 मध्ये इथं आणून बसवला.

"नदी आणि बाप?" ह्यांना ते काही पटेना. आमची कृष्णामाई. तिला पूर आला की बायका घाटावर जाऊन ओटी भरतात, खण-नारळ वाहतात, आता माघारी जा म्हणून विनवतात. बापाची ओटी कशी भरायची? मी पर्समध्ये पाहिलं. खडीसाखर होती. चार खडे पाण्यात सोडले. एका हंसानं मान वाकडी करून पाहिलं आणि ते आपल्या कामाचं नाही असं ठरवलं.

लॉकच्या माणसानं पाट्यांचं सांगितलं. नदी चढायला लागली की दारांवर पिवळी पाटी: प्रवाह वाढतोय. उतरतानाही पिवळीच, पण मजकूर वेगळा. लाल पाटी लागली की होड्या बांधून ठेवा, बाहेर पडू नका. ह्यांनी त्याला आयर्विन पूल सांगितला. 1929 चा, तुमच्याच व्हाइसरॉयच्या नावाचा. त्याच्यावर फूटपट्टी: 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. पावसाळ्यात अख्खं गाव सकाळी एकमेकांना 'किती?' एवढंच विचारतं. तो माणूस मन लावून ऐकत होता. पंचेचाळीस फूट म्हटल्यावर मात्र त्यानं फूट म्हणजे फूटच ना, असं परत विचारलं.

दुसऱ्या रात्री आम्ही खाली उतरलो तेव्हा बातमी आमच्या आधी पोचलेली होती. बाईंनीच सांगितलं असणार. टेबलाशी बसलेल्या परक्याशी इथं कोणी आपणहून बोलत नाही, पण काउंटरला टेकून उभं राहिलं की परवानगी असते. आम्ही टेकलो. एक शेतकरी, दोन होडीवाले, एक निवृत्त शिक्षिका. "तुम्हीच ना, ते पन्नास फूटवाले?" मग जो तो आपापलं पाणी काढून बसला. कुणाच्या मेंढ्या रात्रीतून टेकडावर न्याव्या लागल्या होत्या, कुणाची होडी दोर तुटून शेताच्या मधोमध जाऊन बसली होती. इथलं पाणी हळू चढतं, सपाट कुरणांवर पसरतं आणि दिवसेंदिवस हलत नाही. कुरणं त्यासाठीच मोकळी ठेवलेली, त्यांना ते सवयीचं. आमच्याकडे धरणाचे दरवाजे, कोयनेतून किती सोडलं, खाली अलमट्टीत किती अडवलं, हे सगळं ह्यांनी बीअरच्या गोल पुठ्ठ्यांवर पेन्सिलीनं काढून दाखवलं. एका पुठ्ठ्यावर कृष्णा, दुसऱ्यावर वारणा, मधे हरिपूरचा संगम. माळकरी माणूस, पबच्या काउंटरवर, चार इंग्रजांच्या मधे उभा राहून विसर्गाचे आकडे सांगतोय. मी फोटो काढला. आईला पाठवला नाही.

म्हाताऱ्या शेतकऱ्यानं सांगितलं, त्याच्या तरुणपणी दुपारी पब बंद करून सगळ्यांना बाहेर काढायचे. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगारांनी प्यायचं कमी करावं म्हणून केलेला नियम, तो 1988 पर्यंत टिकला. "युद्ध संपल्याचं कळवायला सत्तर वर्षं लागली," तो म्हणाला. अकराला थोडा अवकाश असताना बाईंनी काउंटरवरची पितळी घंटा वाजवली. शेवटचं काय हवं ते मागून घ्या. ह्यांचा हात सवयीनं कपाळाकडे गेला, मग त्यांनी तो केसांवरून फिरवला.

त्या रात्री मला झोप लागली. तुळईला चौथा नमस्कार सकाळी निघताना झाला.

जानेवारीत, सांगलीत संक्रांतीचे तीळ भाजत होते तेव्हा फोन वाजला. बाईंचा फोटो. हिरवळ नाहीच, नुसतं राखाडी पाणी, त्यातून बाकड्यांच्या पाठी वर आलेल्या. खाली लिहिलेलं: 'पिवळी पाटी. दुसरी पायरी. संडास अजून शांत.' मी ह्यांना दाखवलं. ह्यांनी चष्मा लावून तो फोटो मोठा केला, लहान केला, पायऱ्या मोजल्या. मग मी तिळाचे हात पुसून उत्तर लिहिलं: फ्रीज विटांवर आहे ना?